थोड्या पाण्यावर जगणारे

शहाडला उल्हास नदीच्या अंगाला आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. दिवसभर कामधाम उरकून बायामाणसे आणि गडीमाणसे पाटी-पुस्तक घेऊन येतात. गेल्या वैशाखात एके संध्याकाळी मुरबाडकडच्या एक आजीबाई पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या,

"गुरुजी, माझ्या कुंडीतल्या तुळशीला एक दिवस पाणी चुकलं, तर ती मान टाकते. आणि रेल्वेच्या रुळाकडेचा तो निवडुंग बघा! दिवाळीपासून त्याला एक थेंब नाही. तरी हिरवागार. त्याला पाणी घालतं तरी कोण?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजींच्या माहेरी दर उन्हाळ्यात विहीर आटते. पाण्यावाचून कसे जगावे, हा प्रश्न त्यांनी पुस्तकातून आणलेला नव्हता. त्याच प्रश्नाचे उत्तर आम्ही या पाठात देत आहोत.

पाऊस कुठे किती?

आधी पावसाचा हिशेब पाहू. शहाड, कल्याण या भागात वर्षाला ८० इंचांहून जास्त पाऊस पडतो. समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात आणि अलीकडेच रिकामे होतात. डोंगराच्या पलीकडे थोडेच पाणी जाते. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वर्षाला २० इंचांच्या आसपासच पाऊस होतो. सांगलीचे आटपाडी, सोलापूरचे सांगोले हा मुलूखही तसाच कोरडा. या सगळ्या भागाला माणदेश म्हणतात.

हे झाले कोरडे रान. खरे वाळवंट पाहायचे, तर राजस्थानात जावे लागते. तिथे जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम ७-८ इंच. आपल्याकडे आषाढातल्या एका दिवसात कधी कधी एवढा पाऊस पडून जातो!

आता गंमत पाहा. त्या जैसलमेरलाही झाडे आहेत, हरणे आहेत, पाखरे आहेत. ती वर्षानुवर्षे जगत आली आहेत. ती पाणी जास्त मिळवीत नाहीत. मिळाले ते जपतात. सगळी किमया जपण्यात आहे.

झाडाचे पाणी जाते कुठे?

दोन सारखी फडकी घ्या. दोन्ही भिजवा, पिळा. एक दोरीवर पसरून घाला. दुसऱ्याची घट्ट घडी करून ठेवा. पसरलेले फडके घटकाभरात वाळेल. घडीचे फडके दुपारपर्यंत ओलेच राहील. ऊन तेच, वारा तोच. मग फरक कशाने पडला? एकाचे अंग उघडे होते, दुसऱ्याचे झाकलेले होते.

झाडाची पाने म्हणजे पसरलेली फडकी. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून झाड हवा आत घेते. त्या हवेपासून आणि पाण्यापासून, उन्हाच्या बळावर, ते आपले अन्न तयार करते. पण हवा आत यायला दार उघडले की आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. दार बंद करावे तर झाड उपाशी. उघडे ठेवावे तर तहानलेले. झाडाची खरी अडचण ती हीच.

कोरड्या रानातल्या झाडांनी या अडचणीतून वाटा काढल्या आहेत. त्यांतल्या काही आता पाहू.

झाडांच्या युक्त्या

पहिली युक्ती, पाने कमी करणे. बाभळीचे पान पाहा. मोठे पान नाहीच, बारीक बारीक पानोळ्या. उघडे अंग कमी, म्हणून पाण्याचा खर्च कमी. बोरीचे पान उलटून पाहा. खालची बाजू पांढुरकी आणि लवदार असते. ती लव म्हणजे पानाची घोंगडी. कोरडा वारा छिद्राला थेट लागत नाही. रुईच्या पानावरही पांढरट पूड असते. ज्वारीच्या पानावर बोट फिरवा, तशीच पूड हाताला लागेल. हे मेणाचे पातळ अस्तर आहे. भांड्याला कल्हई, तसे पानाला हे मेण. पाऊस ओढ देतो, तेव्हा ज्वारी आणखी एक करते. पानाची सुरळी करते. म्हणजे फडक्याची घडी घालते.

निवडुंगाने तर कमाल केली. फड्या निवडुंगाला पाने अशी राहिलीच नाहीत. पानांचे काटे झाले. आपण ज्याला निवडुंगाचे पान म्हणतो, ते पान नव्हे, खोड आहे. तेच हिरवे होऊन अन्न तयार करते. वर मेणाचा जाड थर. आत गर. पावसाळ्यात तो गर पाण्याने भरून फुगतो, उन्हाळ्यात हळूहळू आकसतो. हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. तो आपल्याकडे आला आणि बांधाबांधाने पसरला. रुळाकडेचा त्रिधारी निवडुंग मात्र वेगळ्या कुळातला. त्याचा चीक पांढरा असतो. तो चीक डोळ्यांत गेला तर फार अपाय होतो. पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नये. पण पाणी जपण्याची रीत दोघांची सारखीच.

दुसरी युक्ती, दार रात्री उघडणे. बहुतेक झाडे दिवसा छिद्रे उघडतात. निवडुंग, कोरफड, घायपात ही मंडळी दुपारी दारे घट्ट लावून बसतात. रात्री गारवा पडला की दारे उघडतात आणि हवा आत घेतात. ती हवा आंबट रसाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवस उजाडला की दारे बंद, आणि साठवलेल्या हवेवर स्वयंपाक सुरू. बेंजामिन हाइन नावाचे एक वनस्पतींचे अभ्यासक सुमारे २०० वर्षांपूर्वी दक्षिण भारतात काम करीत होते. त्यांच्या ध्यानात आले, की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारी तो आंबटपणा जातो. का, ते तेव्हा कळले नव्हते. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. आपण मात्र असली पाने चाखून पाहू नयेत. काही पाने विषारी असतात.

तिसरी युक्ती, खोल जाणे. माळावरची बाभूळ जेवढी वर दिसते, तिच्याहून जास्त ती खाली असते. तिचे सोटमूळ ओल शोधीत खाली खाली जाते. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, तिला राजस्थानात खेजडी म्हणतात. वाळवंटात विहिरीला पाणी लागत नाही, तिथे खेजडीची मुळे ओलीपर्यंत पोचतात. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांना. म्हणून तिथली माणसे तिला जीव लावतात. इ. स. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडायला आली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली. तिच्यामागून गावोगावची माणसे पुढे झाली. ३६३ माणसांनी प्राण दिले, पण झाडे सोडली नाहीत. झाडावर गावाचे जगणे अवलंबून आहे, हे त्यांना ठाऊक होते.

चौथी युक्ती, झोप घेणे. हे तर आपल्या शेजारच्या डोंगरावरही दिसते. होळीच्या सुमारास पळस आणि सावर पाने टाकून उघडे होतात. लोकांना वाटते, झाड वाळले. वाळले नाही. खर्च बंद करून बसले. गवताचे तसेच. वर कुसळे वाळतात, खाली मुळे जिवंत असतात. टाकळ्याचे बी मातीत निजून राहते. मृगाचे पाणी पडले की आठ दिवसांत रान हिरवे!

आमची एक चूक

नोकरीतली काही वर्षे आम्ही माण तालुक्यात काढली. १९८७ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा नवे मास्तर होतो, उत्साह फार. शाळेभोवती झाडे हवीत म्हणून रोपवाटिकेतून रोपे आणली. रुंद पानांचे बदाम आणि शोभेची इतर झाडे. आषाढात लावली. दिवाळीपर्यंत झाडे छान दिसली. मग पाणी संपले.

आम्ही मुलांना पाणी आणायला लावले. विहीर अर्ध्या किलोमीटरवर. शिमग्याच्या उन्हात एके दुपारी तिसरीतली एक मुलगी कळशीसकट वाटेत कोसळली. तिला सावलीत नेले, डोक्यावर पाणी मारले, घोट घोट पाणी पाजले. देवाची कृपा, मुलगी शुद्धीवर आली. तिची आई आली. ती आम्हाला काही बोलली नाही. नुसती कळशीकडे पाहत राहिली. ते पाहणे आम्ही अजून विसरलो नाही.

झाडे तर मेलीच. शेवटी जी तगली, ती आम्ही लावलेलीच नव्हती. कुंपणात आपोआप उगवलेली दोन बोरी आणि एक लिंब!

शाळेजवळ एक म्हातारे धनगर मेंढरे चारायला येत. ते म्हणाले, "मास्तर, तुमी पाव्हणं आणून लावलं. पाव्हण्याला रोज जेवाण लागतं. घरचं लावा."

दुसऱ्या वर्षी आम्ही त्यांचे ऐकले. लिंब, बोर, बाभूळ यांचे बी पहिल्या पावसात जागेवरच टोकले. पिशवीतल्या रोपाचे मूळ पिशवीतच वेटोळे घालते. जागेवर उगवलेल्याचे मूळ सरळ खाली जाते. प्रत्येक रोपाभोवती बशीसारखे आळे केले, त्यावर पालापाचोळा घातला. पहिल्या उन्हाळ्यात काही रोपांशेजारी जुनी मडकी पुरली. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि थेट मुळाशी जाते, उन्हाने उडत नाही. एकाही मुलाला विहिरीवर पाठवले नाही. मडक्यांपुरते पाणी आम्ही आमच्या सायकलीवरून आणले. त्यांतली बरीच झाडे जगली.

जनावरे काय करतात?

झाड जागेवर उभे. जनावराला पाय असतात. म्हणून त्याची पहिली युक्ती म्हणजे उन्हातून निघून जाणे. उंदीर, सरडे, घोरपडी बिळात शिरतात. वर जमीन तव्यासारखी तापते, तेव्हा हात-दोन हात खाली बराच गारवा असतो. आपल्याकडचा बेडूक पावसाळा सरला की मातीत शिरतो. गोगलगाय शंखाचे तोंड बंद करून उन्हाळाभर पडून राहते. पळसासारखीच ही झोप.

आता उंटाची गोष्ट. उंटाच्या मदारीत पाणी असते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. मदारीत चरबी असते. ती उपासाला उपयोगी. पाणी जपण्याच्या त्याच्या रीती वेगळ्याच आहेत. माणसाचे अंग तापले की लगेच घाम येतो. घाम म्हणजे पाणीच. उंट घाम गाळायची घाई करीत नाही. पहाटे त्याचे अंग ३४ अंशांपर्यंत गार होते, आणि संध्याकाळपर्यंत ४० अंशांपर्यंत तापले तरी तो सोसतो. माणसाला तेवढा ताप आला, तर आपण डॉक्टरकडे धावतो. उंटाची लघवी थोडी आणि दाट, लेंड्या कोरड्या. श्वासाबरोबर जाणारी ओलसुद्धा तो नाकात बरीचशी अडवतो. एवढे करूनही अंगातले पाणी घटतेच. वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी घटले तरी उंट चालत राहतो. मग पाणवठा भेटला की दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटरपर्यंत पाणी पितो. म्हणजे आपले सहा-सात हंडे!

१९५३-५४ साली क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञांनी सहाराच्या वाळवंटात राहून उंटांचा अभ्यास केला. त्यांनी एका उंटाची लोकर कातरून पाहिली. कातरलेल्या उंटाचे पाणी लोकरवाल्या उंटाहून सुमारे दीडपट खर्च झाले. लोकर अंगाला उबेसाठी असते, एवढेच आपल्याला ठाऊक. ती उन्हालाही अडवते. माणदेशातला धनगर भर उन्हात घोंगडी डोक्यावर घेतो, त्याला आम्ही पूर्वी हसत होतो. आता हसत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवर चिंकारा नावाचे लहान हरीण आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली खास त्याच्यासाठी झाले. चिंकारा पाण्यावाचून पुष्कळ दिवस काढतो. पाला आणि फळे यांतली ओल आणि पहाटेचे दव यांवर तो भागवतो.

पाखरांचे पाहा. पाखरांची विष्ठा पांढरी आणि घट्ट असते. आपण अंगातली घाण पुष्कळ पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पाखरे आणि सरडे ती जवळजवळ पाण्यावाचून टाकतात. केवढी बचत! माळावर पखुर्डी नावाचा पक्षी असतो. त्याची पिल्ले उघड्या माळावर, पाणी दूर. नर पाणवठ्यावर जातो, पाण्यात बसतो, पोटाची पिसे भिजवून घेतो आणि उडत परत येतो. पिल्ले ती ओली पिसे चोखतात. कळशी नाही, हंडा नाही, बापाच्या पिसांतून पाणी घरी येते.

माणसाचे काय?

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. माणूस उंट नव्हे. आमच्या वर्गातल्या काही बाया म्हणतात, "आम्हाला सवय आहे. कामावर दिवसभर पाणी नाही प्यायलं तरी चालतं." तसे चालत नाही. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके पाणी अंगातून गेले, तर माणसाचा जीव धोक्यात येतो. तहान मारायची सवय अंगाला लागत नाही. दुखणे मात्र लागते. तोंड कोरडे पडले, लघवी गडद पिवळी आणि थोडी झाली, डोके दुखले, चक्कर आली, तर समजावे की पाणी कमी पडले. लगेच सावलीत बसावे आणि पाणी प्यावे. ताक, लिंबाचे सरबतही चांगले. बोलणे बरळू लागले किंवा शुद्ध हरपली, तर दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. जुलाब होत असलेल्या मुलाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. ती कळशीवाली मुलगी आठवली, की हे सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही.

पिण्याचे पाणी तोडू नये. मग जपायचे कोणते? जे वाहून जाते, उडून जाते, सांडते ते.

आपला ठाणे जिल्हा पाहा. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मोठी धरणे आहेत. त्यांच्या पाण्यावर मुंबई जगते. शहाडजवळही उल्हास नदीचे पाणी उचलून दूरच्या शहरांना जाते. पण त्याच शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांवर वैशाखात टँकर येतो. बाया हंडे घेऊन वाट पाहत बसतात. ८० इंच पाऊस पडूनही ही तऱ्हा! कारण डोंगर उताराचा, खाली खडक, आणि झाडे तुटलेली. पाणी आले तसे नदीला जाते. आपला डोंगर म्हणजे पसरलेले फडके झाला आहे.

उलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पाहा. तिथे पाऊस आपल्या पाव हिश्शाइतकाच. पण १९९० नंतर तिथल्या गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, ओढे अडवले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. दर वर्षी किती पाऊस पडला ते मोजतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. पाऊस कमी झाला, तर जास्त पाण्याचे पीक घेत नाहीत. निवडुंग हेच करतो. मिळेल तेवढे साठवतो आणि जवळ आहे तेवढेच खर्च करतो.

तेवढे मोठे काम एकट्याने होत नाही. पण वनराई बंधारा दहा माणसे मिळून बांधू शकतात. पावसाळा सरता सरता ओढ्याला थोडी धार असते. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडते, जमिनीत मुरते. जवळच्या विहिरीला पुढे काही आठवडे आधार होतो. खर्च फार नाही, पण वेळ गाठावी लागते. धार आटल्यावर गोण्या भरून उपयोग नाही.

आजींना आम्ही हे सगळे सांगितले. मग म्हणालो, "आजी, निवडुंगाला कोणी पाणी घालत नाही. तो श्रावणातलं पाणी वैशाखात पितो."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पाड्यानं दिवाळीलाच जागं व्हायला पायजे."

त्यांनी पाटी जवळ ओढली. त्या दिवशी शिकवलेल्या अक्षरांतून एक ओळ लिहून माहेरी भावाला पाठवायची म्हणाल्या. ओळ अशी होती : ओढ्यात पाणी आहे तोवर गोण्या भरा.

दोन अक्षरे चुकली होती. आम्ही ती दुरुस्त करून दिली.

करून पाहा

१. वर सांगितलेला दोन फडक्यांचा प्रयोग करा. कोणते फडके किती वेळाने वाळले, ते पाटीवर लिहा.
२. आपल्या गावच्या रानातली, पाणी न घालता जगणारी पाच झाडे शोधा. त्यांची पाने दोन्ही बाजूंनी पाहा.
३. आपल्या गावच्या ओढ्याची धार कोणत्या महिन्यात आटते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पूर्वी कधी आटत असे, तेही विचारा. दोन्ही महिने लिहून ठेवा.